कोवळं आतडं

"घाई तुमची, आतडं माझं." ऑपरेशन झाल्यापासून कुणी घाई केली की आत्या हेच म्हणायची.

सूत रंगवण्याच्या कारखान्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. रंगाच्या हौदातली सुताची लड उचलायची, एक धागा तोडून ओठांत धरायचा, जिभेनं भिजवून पांढऱ्या फडक्यावर ओढायचा. डाग उमटला तर रंग कच्चा, नाही उमटला तर पक्का. तिथल्या साऱ्याच बायका असं करत. थुंकीइतकं खरं दुसरं पाणी नाही, अशी त्यांची खात्री होती. मोठी झाल्यावर भाचीही त्याच हौदावर लागली आणि तिनंही आत्याचं बघूनच धागा तोंडात घातला.

मग आत्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी वीतभर आतडं कापलं, दोन टोकं शिवली. घरी सोडताना भाचीसमोर नीट समजावलं.

"आतड्याचं जुनं अस्तर मुरलेल्या कामगारासारखं असतं. आलेलं बरंचसं विष फोडून बाहेर टाकतं. सांध्यावर आता नवं अस्तर धरतंय. ते भराभर वाढतं, पण अजून शिकाऊ आहे. त्याच्यासमोर विष आलं तर ते काय करील, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून तीन महिने कारखाना नको. आणि रंग तोंडात तर पुन्हा कधीच नको."

पाचव्याच आठवड्यात मुकादमाचा निरोप आला. लाल रंग जमत नव्हता. सोमवारी आली नाहीस तर जागा दुसरीला.

आत्या गेली. एक हात पोटावर, पावलं सावकाश. मुकादमानं लड पुढे केली.

"बघ चाखून."

"नाही चाखत."

"एका धाग्यानं काय मरतेस?"

"मग तुम्हीच चाखा की. तुमचं आतडं मुरलेलं आहे."

बायका माना खाली घालून हसल्या. मुकादमाचा चेहरा उतरला.

"सव्वीस वर्षं काय साखर चाटत होतीस?"

"विष चाटत होते. कळलं नव्हतं, तोवर चाटलं."

तिनं वाटीभर पाणी मागवलं, त्यात धागा बुडवला, फडक्यावर ओढला. लाल रेघ उमटली. "कच्चा आहे," ती म्हणाली. शेजारी भाचीनं सवयीनं दुसरा धागा ओठांशी नेला होता. आत्यानं तो दोन बोटांनी ओढून काढला आणि वाटी हौदाच्या कठड्यावर ठेवली.

"ही इथून हलवायची नाही."

"तुझी जागा गेली समज," मुकादम म्हणाला.

"तीन महिन्यांनी येईन. जागा असली तर काम करीन. नसली तर यांना एकेकीला डॉक्टरांकडे नेईन. मग हौदावर तुम्ही एकटेच उभे राहा."

ती निघाली. फाटकापर्यंत दोनदा थांबली, दम घेतला, पण वळली नाही. भाची तिच्या पाठीकडे बघत राहिली. मुकादमही बघत होता, आणि त्याच्या हातातली लड त्याच्याच चपलांवर ठिबकत होती.