डबीवर घेतलेला आळ

लातूरच्या बाजारात माझं होजिअरीचं दुकान आहे. वीस वर्षं बायकांना आतल्या कपड्यांचे खोके काढून देतोय. बाई पायरी चढली की साईज ओळखतो. असा हा निर्लज्ज माणूस स्वतःच्या छातीतली गाठ आठ महिने बनियनखाली लपवून बसला होता. सांगताना किळस येते, पण माझीच आहे, येऊ दे.

गाठ डाव्या बोंडामागं होती, हरभऱ्याएवढी. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात पूजेचं लिंग असतं, चांदीच्या डबीत, छातीवर. मी निदान करून टाकलं: डबी घासतीय. दोरा आखूड केला. गाठ तिथंच. डबी उजवीकडं सरकवली. गाठ तिथंच, आता बोराएवढी. मग हळद-चुना थापला. कातडी भाजून सोलून निघाली, आणि मी खूश, की खराबी बाहेर पडतीय. पुढं बनियनवर तपकिरी डाग यायला लागले, चिकट, वासाचे. ज्यानं जन्मात रुमाल पिळला नाही, तो पहाटे उठून नळाखाली बनियन घासायला लागला. बायकोला वाटलं, नवऱ्याला अक्कल आली.

दवाखान्यात जायचं तर सांगायचं काय? पुरुषाची छाती फुगवायला असते, दाखवायला नाही, असली घाण समजूत डोक्यात.

सासरवाडीला, नायगावला, लग्नाला गेलो होतो. तिथल्या शाळेत बायकांचं तपासणी शिबिर लागलं होतं. लातूरचं कुणी बघणार नाही म्हणून मी हळूच आत शिरलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशंट कुठंय?"

"घरी. बायकोला गाठ हाय. डाव्या बाजूला. पाणी येतंय."

"मग त्यांना घेऊन या, लगेच."

"ती लई लाजती, मॅडम."

नर्सनं फोन नंबर मागितला. लकी ड्रॉ असो की विमावाला, सगळ्यांना बायकोचा नंबर द्यायची माझी जुनी हुशारी. तोच दिला.

चौथ्या दिवशी लातुरात मी जेवत होतो. बायकोचे हात पिठात, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला. "ताई, नायगावच्या शिबिरातली नर्स बोलतीय. तुमच्या डाव्या छातीत गाठ हाय, पाणी येतंय, असं तुमचे मालक सांगून गेले. लाजू नका. नांदेडला तपासायला कधी येता?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. भाकरीचा घास तोंडातच राहिला.

"ताई, मला काही न्हाई," ती फोनमध्ये म्हणाली. "पण येतो आम्ही. उद्याच." फोन बंद केला. "काढा बनियन."

"अगं, डबी घासून..."

"देवावर ढकलता? काढा म्हणते ना."

काढलं. ती ओरडली नाही, रडली नाही. नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "शी! हे घेऊन माझ्या शेजारी झोपत होता तुम्ही?"

नांदेडला डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस झाले? मी म्हणालो, "दोन महिने." तिथंही खोटं! बायको म्हणाली, "ह्यांच्या बनियन धुण्यावरून मोजा साहेब, आठ." कॅन्सर निघाला. काखेपर्यंत गेलेला. डावी बाजू सपाट झाली, काखेतल्या गाठी काढल्या, केमो झाली. हरभऱ्याएवढी असताना आला असता तर कदाचित काख वाचली असती, एवढंच डॉक्टर म्हणाले. आता डावा हात सुजतो, आणि त्यावर घट्ट बाही चढवावी लागते. रोजच्या गोळीनं अंगातून वाफा निघतात, पंख्याखालीही घाम फुटतो. पाळी जाताना बायकोला असं व्हायचं तेव्हा मी "नाटकं" म्हणायचो. आता ती उठून माझ्यासाठी पंखा वाढवते. तीही "नाटकं" म्हणाली असती तर बरं.

भेटायला आलेले साडूभाऊ केळी ठेवत हसले, "बायकांचा आजार तुम्हाला कसा काय हो?" हसू तोंडात मावत नव्हतं. त्यांची शिसारी आली, कारण आठ महिने मीही तसाच विचार करत होतो.

ह्याला चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात पूजेनंतर लिंग डबीत ठेवलं, गळ्यात घातलं आणि बोटं फिरवून उजवी बाजू तपासली. दाणा लागला. बारीक. आणि हा मेंदू, एवढं सगळं सोसलेला हा नासका मेंदू, पहिलं काय म्हणाला असेल?

डबी घासली असेल.

डबी आता डावीकडं असते, जिथं घासायला काही उरलेलंच नाही.

स्वतःच्या तोंडावर थुंकता येत नाही म्हणून आरसा सोडला आणि उघड्या अंगानंच स्वयंपाकघरात गेलो. "अगं, हे बघ." तिनं हात पुसले, दाबून बघितलं, गॅस बंद केला. "चला, नांदेडची एसटी गाठू."

तपासणीत ती नुसती चरबीची गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "कधी लागली हाताला?"

मी तोंड उघडायच्या आत बायकोच बोलली, "आज सकाळी."

आणि ह्या वेळी ते खरं होतं.