अकरा पुस्तकांच्या पाठीत

माझ्या प्रबंधाची पाठ सुटली तेव्हा आत एक पत्र निघालं.

पाठ म्हणजे पुस्तकाची ती अरुंद बाजू, जिच्यावर सोनेरी अक्षरांत नाव असतं. तिला आतून रद्दी कागदाचं अस्तर चिकटवतात. माझ्या प्रबंधाचं अस्तर बँकेच्या पत्राचं होतं. खळीने पिवळं पडलेलं. तरी वाचता येत होतं. ‘वारंवार कळवूनही आपण तीन हप्ते भरलेले नाहीत.’ वर बाइंडरकाकांचं पूर्ण नाव. तोवर मला ते माहीत नव्हतं.

दोन वर्षं खपून मी तो प्रबंध लिहिला होता. त्यातलं एकही वाक्य इतकं स्पष्ट नव्हतं.

काकांचं दुकान आमच्या छापखान्यापासून चार दारं पुढे. मी तिथे मुद्रितं तपासते. प्रबंधाची घरची प्रत बांधून घेतली तेव्हा ओळख झाली. मग जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन मी त्यांच्याकडेच जाऊ लागले. पन्नाशीचा माणूस. बोटांना कायम खळ. बोलणं कमी. मला ‘पुस्तकी’ म्हणायचे.

मी पत्र त्यांच्या समोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. काढला.

“पाठ सुटली?” ते म्हणाले. “खळ पातळ झाली असणार. बांधून देतो परत.”

“काका, हे काय आहे?”

“अस्तर.”

“काका.”

ते स्टुलावर बसले. “घरी ठेवलं असतं तर हिनं वाचलं असतं. फाडलं असतं तर कचऱ्यात दिसलं असतं. म्हणून एकेका पुस्तकात एकेक घातलं.”

“किती?”

“अकरा.” मग थोडं हसले. “आठ तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाची जुनी पुस्तकं, दुरुस्तीला आलेली. माझं कर्ज आता संदर्भ विभागात गेलंय. बाहेर न्यायची परवानगी नाही.”

मला हसू आलं नाही. त्यांनाही फार वेळ आलं नाही.

गोष्ट साधी होती. तीन वर्षांपूर्वी प्रबंधांचं काम जोरात होतं. काकांनी पर्सनल लोन काढून मोठं कटिंग मशीन घेतलं. पुढच्याच वर्षी विद्यापीठाने छापील प्रती बंद केल्या. प्रबंध संगणकावर पाठवा म्हणाले. मशीन राहिलं. हप्ते राहिले. हप्त्यांसाठी क्रेडिट कार्ड वापरलं. कार्डासाठी मोबाइलवरून झटपट कर्ज घेतलं. कागदवाल्याची उधारी वेगळीच. आणि थोरल्या बहिणीकडून साठ हजार.

“काकूंना सांगा,” मी म्हटलं.

“सांगतो.”

“कधी?”

“हे एक पुस्तक झालं की.”

मी तिथेच बसून राहिले. पुस्तक झालं. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो.

काकू एका दवाखान्याच्या धुलाई विभागात आहेत. दिवसभर चादरींच्या घड्या घालतात. त्या नुकत्याच घरी आल्या होत्या. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“अकरा पत्रं?” त्यांनी विचारलं.

“अकरा.”

“पाकीट आलं की दुकानात पळायचात. मला वाटायचं, दुसरी कुणीतरी आहे.”

“मला कोण विचारतंय?”

“तेच म्हणते मी. विचार करकरून थकले. इतकी आंधळी कोण असेल.” आणि त्या रडायला लागल्या. काका खळीचे हात घेऊन उभे. कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. काकूंनीच ते हात धरले.

त्या आठवड्यात मी तक्ता केला. आकडेमोड हा काही माझा प्रांत नाही. पण वाचायची सवय आहे. कर्जाबद्दल मिळेल ते वाचलं. आम्ही प्रत्येकाकडे जाऊन नेमकी बाकी लिहून आणली, कारण कागद तर पुस्तकांत गेले होते. दुकानाची मिळकत धरताना वर्षातला सगळ्यात पडका महिना धरला. एकोणीस हजार. काकूंचा पगार सतरा. घर आणि दुकान चालायला बावीस. उरले चौदा. त्यातले सात बँकेला. दोन कागदवाल्याला. त्याने आधी आरडाओरडा केला, मग मान्य केलं. राहिलेले पाच आधी मोबाइलच्या कर्जाला, कार्डाची किमान रक्कम वगळून. ते फिटलं की सगळे कार्डाला. ज्याचं व्याज जास्त, त्याचा नंबर आधी. ताईचं व्याज शून्य. ताईचा नंबर शेवटी.

“कार्ड कात्रीनं कापा,” मी म्हटलं.

काकांनी ते कटिंग मशीनखाली ठेवलं. पातं खाली आलं. “एवढ्यासाठी तरी उपयोगी पडलं,” ते म्हणाले.

तक्ता नीट होता. काका नीट नव्हते. चांगला कागद दिसला की त्यांचा हात खिशाकडे जायचा. निळं कापड, लाटांच्या नक्षीचा कागद, कुणी न मागितलेली रेशमी खूणफीत. दुसऱ्याच महिन्यात सहाशे रुपये कमी आले. काकूंनी विचारलं. काकांनी फडताळातून निळ्या कापडाचा तागा काढून दाखवला. शाळेत पकडलेल्या मुलासारखा चेहरा.

उपाय त्यांनीच शोधला. बांधलेलं पुस्तक शिकंज्यात ठेवतात. दोन जाड फळ्या, वर फिरवायचा दांडा. दुसऱ्या दिवशीपर्यंत दाबात राहायचं. लगेच उघडलं तर पुठ्ठा वाकतो. काकांनी ठरवलं, काहीही घ्यावंसं वाटलं तर चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठी शिकंज्यात. दुसऱ्या दिवशी काढून वाचायची. अजून हवंसं वाटलं तर घ्यायचं.

“ओली इच्छा उघडायची नाही,” ते म्हणाले.

मी साहित्याची पदवीधर. असं वाक्य मला सुचलं नसतं.

रोज सकाळी चिठ्ठ्या निघायच्या. निम्म्या तिथेच फाटायच्या. काकूही लिहू लागल्या. ‘चपला.’ ‘भिंतीवरचं घड्याळ.’ मीही. गल्लीतला चहावाला एकदा विचारून गेला, “माझी बायको ठेवता येईल का यात? रोज काहीतरी मागते.” काकू तिथेच होत्या. म्हणाल्या, “तुला ठेवू. तू रोज काही आणत नाहीस.”

आठ महिन्यांत मोबाइलचं कर्ज फिटलं. कार्डाची बाकी निम्मी झाली. मी तक्त्यावर लाल रेघा मारत होते. मला वाटायचं, मी काहीतरी मोठं करतेय.

एका सकाळी काका हप्ता भरायला गेले होते. मला नवी बॅग हवी होती. चिठ्ठी ठेवायला मी शिकंजा सैल केला. खालच्या फळीवर एक चिठ्ठी होती. हाताळून मऊ झालेली. कडा फाटलेल्या. तिच्यावर लिहिलं होतं, ‘ताईला फोन.’

काका आले. मी चिठ्ठी दाखवली.

“ही जुनी दिसते.”

“रोज काढतो. रोज ठेवतो.”

“मग करा ना फोन. त्याला काय पैसे पडतात?”

“केला होता. तीनदा.” ते खळ ढवळत राहिले. “मी बोललो. ती हं म्हणाली. मी विचारलं, तब्येत कशी आहे. हं म्हणाली. मग ठेवून दिला. रागावलीय. साठ हजार दिलेत तिनं, अगं. दीड वर्ष झालं. मी तिच्या जागी असतो तर ‘हं’सुद्धा म्हटलं नसतं.”

“भेटायला जा.”

“मोकळ्या हातानं?”

ताई म्हणजे शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई. निवृत्त झालेल्या. एकट्या राहायच्या. आई गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं होतं. फडताळात वरच्या खणात त्यांचा जुना नकाशासंग्रह होता. दुरुस्तीला दिलेला. काकांनी तो कधीच नवा करून ठेवला होता. त्याच निळ्या कापडात. पोचवायचं धाडस नव्हतं.

“मी नेऊन देते,” मी म्हटलं. “रागावल्या तर माझ्यावर रागावतील.”

काकांनी नकाशासंग्रह कागदात गुंडाळला. कागदाला चारही बाजूंनी सारख्या घड्या. दोरी दोनदा सोडून पुन्हा बांधली.

बसने तासभर लागला. तिसरा मजला. मी घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. आत भांड्यांचा आवाज येत होता. शेजारच्या बाईंनी दार किलकिलं केलं. “घंटी वाजवून काय होणार? पाय आपटा. जमिनीवर. जोरात. तिला हादरे कळतात.”

मी पाय आपटला. दार उघडलं.

उंच बाई. पांढरे केस घट्ट बांधलेले. मी बोलायला लागले. त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कोनाड्यातून पाटी आणि खडू आणून माझ्या हातात दिला.

“लिही,” त्या म्हणाल्या. आवाज वर्गातल्यासारखा. “अक्षर मोठं काढ.”

मी पाटीवर काकांचं नाव लिहिलं. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

“बरा आहे ना तो? फोन करत नाही हल्ली. करायचा तेव्हा मला नुसतं घूं ऐकू यायचं. हं म्हणायची नि ठेवायची. जास्त बोलले तर उलटसुलट उत्तर जाईल. कळेल त्याला.”

‘कळू दे की,’ मी लिहिलं.

“कळून काय? तो लगेच पैसे परत करायला कुठून तरी कर्ज काढेल. मी ओळखते त्याला. लहानपणी एकाची गोटी हरवली तर दुसऱ्याकडून उसनी आणून द्यायचा.”

टेबलावर काचेखाली एक कागद होता. कानाच्या दवाखान्याचा. दोन कानांची यंत्रं, तपासणीसह अठ्ठावन्न हजार. खाली डॉक्टरांच्या अक्षरात, ‘उशीर करू नये.’ मी तारीख वाचली. काकांनी पैसे मागितले त्याच्या नऊ दिवस आधीची.

त्यांनी माझी नजर पाहिली. कागदावर हात ठेवला.

“सांगायचं नाही हं त्याला. शब्द दे.”

मी मान हलवली. त्यांनी पुडा सोडला. निळ्या पाठीवरून बोट फिरवलं. मग नकाशासंग्रह उघडून एकेक देश पाहत बसल्या. मी निघाले तेही त्यांना कळलं नाही.

शब्द मोडायचा हे मी बसथांब्यावरच ठरवलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. हातातली सुई खाली ठेवली. उठले. भिंतीवरच्या तक्त्यापाशी जाऊन उभे राहिले.

“इथे तू ताईचं व्याज शून्य लिहिलंयस.”

“हो.”

“ते चुकलंय.”

आम्ही फोन करणाऱ्यांचे, पत्रं पाठवणाऱ्यांचे पैसे आधी फेडत होतो. जी गप्प होती तिला शेवटी ठेवलं होतं. व्याज ती भरत होती. दीड वर्ष. दर महिन्याला थोडं थोडं ऐकणं देऊन.

“मशीन विकू,” काका म्हणाले.

मी लगेच तक्त्यावर आले. मशीनशिवाय कापाईचे पैसे बाहेर द्यावे लागतील. मिळकत दोन हजारांनी घटेल. आणि ती घट कायमची.

“कायमची?” त्यांनी विचारलं.

“कायमची.”

“चिठ्ठीवर लिही. शिकंज्यात ठेव. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी काकू कामावर जाण्याआधी आल्या. चिठ्ठी त्यांनीच काढली, वाचली, खिळ्याला टोचली. “कुणाला फोन करायचा मशीनसाठी?” त्यांनी विचारलं.

मशीन एक लाख दहा हजारांना गेलं. कर्ज काकांच्या नावावर होतं, मशीनवर नव्हतं. त्यामुळे विकायला अडचण आली नाही. साठ ताईंचे. उरलेल्यात कार्ड बंद झालं, कागदवाल्याचं मिटलं. थोडे अडीनडीसाठी बाजूला ठेवले. मशीन ट्रकवर चढलं तेव्हा फरशीवर चार गोल डाग उरले. काका ते पुसत बसले. डाग गेले नाहीत.

ताईंकडे काका-काकू दोघं गेले. तिथलं मला काकूंनी सांगितलं. ताईंनी पैसे पाहिले आणि ओरडल्या, “कुठून आणलेस? कर्ज काढलंस?” काकांनी पाटीवर लिहिलं, ‘मशीन विकलं.’ ताईंनी पाटी वाचली. ओल्या फडक्याने पुसली. म्हणाल्या, “गाढवा.” मग त्याच फडक्याने डोळे पुसले. तोंडभर खडू.

काकूंनी पैसे त्यांच्या हातात दिलेच नाहीत. थेट दवाखान्यात नेलं. “ताईंच्या हातात दिले असते, तर त्यांनी पुन्हा यांनाच दिले असते,” त्या मला म्हणाल्या. “दोघंही एकाच आईची.”

यंत्रं बसवायला पाच आठवडे गेले. काका रोज सकाळी शिकंजा उघडायचे. ती मऊ चिठ्ठी काढायचे. बघायचे. परत ठेवायचे.

“आता तरी करा,” मी म्हणायचे.

“सवय होऊ दे तिला. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला सगळेच आवाज टोचतात.”

बँकेचे एकवीस हप्ते बाकी होते. अजूनही काही आहेत. भिंतीवरचा तक्ता मी नवा केला. व्याजाचा रकाना तसाच आहे. त्याच्या शेजारी काकांनी आणखी एक आखून घेतला. वर लिहिलं, ‘थांबलेल्याचं काय जातंय.’

मग एका दुपारी, आम्ही डबे उघडत असताना, दुकानातला फोन वाजला. काकांचे दोन्ही हात खळीत होते. मी स्पीकर लावला.

“दीड वर्ष!” ताईंचा आवाज. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. “एक नकाशासंग्रह शिवायला दीड वर्ष? पुस्तक शिवत होतास की खंड जोडत होतास?”

काकांनी तोंड उघडलं. मिटलं.

“बोल की. आता ऐकू येतंय मला. आणि शेवटच्या पानावर घडी वाकडी आहे, ती काय मी बघितली नाही?”

“नीट करून देतो, ताई.”

“काय म्हणालास?”

काका घाबरले. माझ्याकडे बघितलं. मीही घाबरले.

“ऐकू आलं,” ताई म्हणाल्या. “पुन्हा म्हण.”

“ताई.”

काकांनी हात पुसले. समोरचा कागद ओढून घडी घातली. तिच्यावरून लाकडी पट्टी फिरवली. हे ते विचार न करता करतात.

“हा कसला आवाज?”

“कागद. घडी घालतोय.”

“असा असतो होय.” मग हळूच, वर्गातला आवाज सोडून, “घाल. मी ऐकतेय.”

काकांनी तो कागद उलगडला. पुन्हा घडी घातली.