खऱ्या वाक्यांचा वर्ग

माझी मावशी घराच्या बाहेरच्या खोलीत फ्रेंच शिकवते. मी तिच्याकडेच राहते; स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून मलाही ती भाषा समजते. तरुणपणी जहाजांच्या एका कंपनीत ती फ्रेंच पत्रं टाइप करायची. नोकरी सुटली, लग्न राहून गेलं, भाषा मात्र तिनं सोडली नाही. तिच्या वर्गात वही चालत नाही. प्रत्येकानं त्या दिवशी आपल्या घरात घडलेलं काहीतरी फ्रेंचमधून सांगायचं, आणि ते खरं हवं. "खोट्या वाक्याचं व्याकरण तपासायला मी रिकामी बसलेली नाही," असं ती पहिल्याच दिवशी सुनावते. दुसरा नियम असा, की ऐकलं त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारायचं नाही. मावशी वाक्याचे कान पिळायची, माणसाच्या वाटेला जायची नाही. मला तेव्हा त्याचं फार कौतुक होतं. आता त्या नियमाचा राग येतो.

त्या वर्षी वर्गात तिघंच होती. एक बेकरीवाला, त्याला परदेशी भावाकडे जायचं होतं. तो गिऱ्हाइकाला 'त्यू' म्हणजे 'तू' म्हणायचा आणि घरच्या मांजराला 'व्हू', म्हणजे 'आपण'. मावशी कपाळाला हात लावायची. दुसरी एक नर्स. तिसरी वयानं सगळ्यांत लहान, म्हणून तिला आम्ही धाकटीच म्हणायचो. तिच्या नवऱ्याची बदली परदेशात होणार होती. "भाजी आणण्यापुरतं शिकवा, त्याहून जास्त नको," असं त्यानं मावशीला सांगितलं होतं. तो तिला आणून सोडायचा आणि वर्ग सुटेपर्यंत दाराबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचा. मी त्याला चौकीदार म्हणायचे. मावशी मला दटावायची, "जीभ आवर. बायकोला शिकवणारा नवरा आहे."

धाकटी हुशार होती. एकदा तिला 'किल्ली त्यांच्याकडे असते' असं म्हणायचं होतं. मावशी म्हणाली, "फ्रेंचमध्ये किल्ली कुणाकडे नुसती असत नाही, माणूस ती बाळगतो. त्याला कर्ता कर." धाकटीनं केला. पुढच्या खेपेला तिनं 'माझा हात दुखतोय' हे सांगायला घेतलं. "इथे 'माझा' लागत नाही," मावशी म्हणाली. "हात तुझाच असणार, दुसऱ्याचा कशाला दुखेल तुला?" बेकरीवाला हसला. नर्स हसली नाही. ती धाकटीच्या लांब बाहीकडे बघत होती. बाहेर पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

त्याच सुमाराला चौकीदारानं मावशीला एक छोटा टेपरेकॉर्डर आणून दिला. "तुमचा आवाज, तुमचे उच्चार. तिथे गेल्यावर तिला उपयोग होईल. निघताना भेट द्यायचीय, तिला आत्ता कळू देऊ नका." मावशी विरघळली. तिचा वर्ग जपून ठेवावा असं आजवर कुणालाच वाटलं नव्हतं. तिनं यंत्र पुस्तकांच्या मागे ठेवलं आणि वर्ग सुटला की ती टेप गुपचूप त्याच्या हातात द्यायची. मलाही ती काही बोलली नाही.

मग एका शनिवारी धाकटी म्हणाली, "त्यांनी मला ढकललं."

मावशीनं सवयीनं विचारलं, "एकदाच ढकललं, की नेहमी ढकलायचे? क्रियापद बदलतं."

धाकटीनं थोडा विचार केला आणि नेहमीचं रूप वापरून वाक्य पुन्हा म्हटलं. मग कुणी न विचारता तिनं पुढचं सांगितलं. "मंगळवारी ते ऑफिसला गेले की बहीण मला न्यायला येणार आहे. त्यांना माहीत नाही." एकही चूक नव्हती. स्वयंपाकघरात मी मटार सोलत होते, ते तसेच राहिले. कुणी काही विचारलं नाही. नियम होता ना.

वर्ग सुटला तशी मावशी धाकटीचा हात धरून उभी राहिली. तेवढ्यात चौकीदार आत आला, पुस्तकांमागून टेप काढून त्यानं खिशात टाकली आणि बायकोला घेऊन तो जिना उतरला. मावशीनं पुस्तकांमागचं रिकामं यंत्र आणून टेबलावर ठेवलं. तेव्हा तिनं मला टेपचं सांगितलं. "त्याला फ्रेंच येत नाही," असं ती रात्रीपर्यंत घोकत होती.

सोमवारी तो एकटाच आला. टेबलावरच्या यंत्रात टेप लावली. धाकटीचा आवाज आला, मंगळवार, बहीण, सगळं. "याचा अर्थ काय हो, बाई?"

"मंगळवारी बहिणीला चहाला बोलवायचंय म्हणते," मावशी म्हणाली. तिनं चुकीचा अर्थ सांगितलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ वेगळाच सांगतात." तो हसला. "आजपासून ती येणार नाही. शिकवलंत, त्याबद्दल आभार." यंत्र रुमालात गुंडाळून तो गेला.

मावशीनं चपला घातल्या. वर्गासाठी येणारा बेकरीवाला जिन्यात भेटला, त्याला तिनं तसाच परत फिरवला. आम्ही तिघं धाकटीच्या दारात पोचलो तेव्हा दार आतून बंद होतं. मावशीनं फ्रेंचमध्ये हाक मारून विचारलं, आत काय चाललंय?

धाकटीनं फ्रेंचमध्येच उत्तर दिलं. शब्द स्वच्छ होते. "ते माझ्या शेजारी उभे आहेत. माझा गळा धरलाय."

लगेच त्याचा आवाज आला, आपल्याच भाषेत. "ऐकलंत ना, ती म्हणतेय, बरी आहे. जा आता."

"दार तोड," मावशी बेकरीवाल्याला म्हणाली.

दोन धक्क्यांत कडी निघाली. शेजारी गोळा झाले. धाकटी अनवाणीच आमच्याबरोबर चालत आली. मंगळवारी बहीण तिला घेऊन गेली, पण स्वतःच्या घरी नाही. कुठे, ते फक्त मावशीला ठाऊक आहे. पोलिसांत तक्रार दिली. त्याला बोलावलं, समज दिली, सोडून दिलं.

वर्ग अजून भरतो. काल सगळी गेल्यावर बेल वाजली. दारात तोच उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, हात जोडून.

"पत्ता हवाय, बाई."

"मला माहीत नाही."

"मग मला वर्गात घ्या. नियम ठाऊक आहे. रोज एक खरं वाक्य सांगायचं, हो ना?" तो मावशीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. "आजचं माझं वाक्य ऐका. तुमची भाची सकाळी बाजारातून एकटीच परत आली, मागच्या गल्लीनं."

मी खरंच मागच्या गल्लीनं आले होते. मावशीनं दार लावलं आणि कडी घालायला गेली, पण तिला ती घालता येईना. शेवटी मी घातली.