होसेफाच्या हुंड्याची पावती

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या रत्नाकाकूंनी तीस वर्षं इस्पितळात दुभाषी म्हणून काम केलं. स्पॅनिश त्या शिकल्या रुग्णांच्या उशाशी बसून. निवृत्तीनंतर जवळच्या एका छोट्या संग्रहालयात जुने कागद वाचायला जाऊ लागल्या, आणि आज चार वाजता, प्रदर्शनाच्या उद्घाटनाला, आयुष्यात पहिल्यांदा, भिंतीवरच्या माहितीच्या पाटीखाली त्यांचं नाव झळकणार होतं. त्यासाठी ठेवणीतली नारायणपेठ निघाली होती.

कागद होता स्पॅनिश अमलातल्या टेक्सासचा, सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा. बड्या जमीनदाराची लेक होसेफा, तिच्या लग्नातली यादी: चांदीची ताटं, रेशमी शाली, चाळीस खेचरं, नदीकाठची जमीन. ती वाचताच काकूंचं डोकं फिरलं. बाविसाव्या वर्षी, नागपुरात, वरपक्षानं ऐन साखरपुड्यात स्कूटर मागितली, तेव्हा त्या पाटावरून उठल्या होत्या. त्याच तिरीमिरीत त्यांनी पाटी लिहून दिली: 'बापानं जावयाला मोजलेला हुंडा.' शेवटचं पान वाचायची गरजच वाटली नाही.

गाडी नात आन्यानं चालवली. आत शिरताच ती काचेच्या पेटीवर वाकली.

"आजी, गिफ्ट होसेफाच्या बाबांनी दिलं ना? मग साइन नवऱ्याची का?"

"कसली सही?"

"ही काय. लास्ट पेज."

काकूंनी चष्मा चढवला. नवरदेवानं सरकारी लेखनिकासमोर लिहून दिलं होतं: हे सगळं मला पोचलं, मी फक्त सांभाळीन, मी मेलो किंवा लग्न मोडलं, तर होसेफाला परत मिळेल.

"अगं, हे तर तिचं स्त्रीधन," काकू म्हणाल्या. "घेणारा पावती देतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे कोण देत होतं?"

"म्हणजे तुझी पाटी राँग आहे?"

"साफ."

"कोणाला कळणार आहे? चिल, आजी."

"मला कळलंय ना."

काकूंनी चूक सांगितली, तशी संग्रहालयाच्या प्रमुख एलेनाबाईंनी घड्याळ पाहिलं. "अर्ध्या तासात लोक येतील. पुढच्या महिन्यात बदलू. तुमचं नाव किती छान दिसतंय."

"म्हणून तर उतरवायची."

चार वाजता काकू उभ्या राहिल्या. आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. आधी आपली चूक सांगितली, मग असा कागद फक्त श्रीमंतांच्या लेकींच्या नशिबी होता हेही, आणि मग ललकारी दिल्यासारखी यादी म्हटली. ताटं, होसेफाची. शाली, होसेफाच्या. खेचरं, होसेफाची. जमीन, होसेफाची. तिसऱ्या वस्तूपासून अख्खी खोली त्यांच्या मागोमाग बोलू लागली. सगळ्यांत मोठा आवाज आन्याचा.

भिंतीवर आता हातानं लिहिलेला पुठ्ठा होता: 'होसेफाची मालमत्ता. नवऱ्यानं सांभाळायला घेतली, तशी सही दिली.'

"उद्या छापून लावते," एलेनाबाई म्हणाल्या.

"राहू दे हाच." काकूंनी पर्समधलं पेन काढलं आणि पुठ्ठ्याखाली, पूर्ण नावानं, ठसठशीत सही केली.