देवीची फाती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि जिच्याशी सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? – तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून असेल.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. कोरगावात माझी आई शेवटपर्यंत लोकांना सांगायची, पोर मालीश शिकली आहे – आणि मी चिडायचे. आजाराने हातपाय गेलेल्या माणसाला त्याची रोजची कामं परत करता यावीत, बटण लावता यावं, पेज खाता यावी, विळीवर बसता यावं, हे आमचं काम. डिचोलीजवळच्या एका इस्पितळात मला त्यासाठी एक खोली होती. तिथे यंत्र एकही नव्हतं. पेशंटची माणसं दारातून डोकावून विचारायची, "बाय, मशीन खंय?"

मग इस्पितळात बदल व्हायला लागले. आमची खोली बंद करायची, सगळं फिजिओथेरपीत घालायचं, असं पणजीत घाटत होतं. साहेबलोक एकदा येऊन बघणार, मग ठरवणार. मला धास्ती वाटत होती, की हे काम गेलं तर माणसं चालायला शिकतील आणि घरात नुसती बसून राहतील. आजही तसंच वाटतं. पण म्हणून – नको, ते कारण पुढे करायला मी इथे बसलेली नाही.

सुमतीकाकी कारापूरची. अर्धांगाच्या झटक्याने तिचा उजवा हात गेला होता. जत्रेला देवीच्या पालखीवर आबोलीची फाती चढते, केळीच्या दोऱ्यात एकेक फूल गाठीने बांधत केलेली लांब माळ. ती तिच्या सासरघरातून जायची आणि थोरल्या सुनेनेच ती करायची, असा मान. काकी पडली आणि मान धाकट्या जावेकडे गेला. "माका दुसरें कांय नाका गो बाय, देवीची फाती जाय," पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती – दुसरं काही नको, देवीची फाती तेवढी हवी.

बोटं हळूहळू उघडत होती. चिमटीत फूल धरता यायचं, गाठ मात्र पडत नव्हती. कधी पडली असती? पडली तरी असती का? – मला माहीत नव्हतं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मी स्वतः फाती केली. शेवटच्या गाठी सैल सोडल्या – ओढलं की बसतील अशा – आणि ती काकीच्या मांडीवर ठेवली. तिला म्हटलं, सुरुवात करून दिलीय, गाठी तूच मारायच्या. साहेबांसमोर तिने दोरा ओढला. गाठ बसली. दुसरीही बसली. टाळ्या वाजल्या, कुणीतरी फोटो काढला. आणि मी तिच्यादेखत सांगितलं, यांचा हात परत आलाय, अख्खी फाती आता या एकट्या करतात.

काकी रडायला लागली. शिकलेली बाई सांगते ते तिने खरं मानलं. का मानू नये?

खोली वाचली. काकीने घरी जाऊन मान परत मागितला, आणि जावेने तो आनंदाने दिला. हे मला कळलं होतं. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही – जत्रेपर्यंत हात सुधारेल, अशी मनाची समजूत घालत राहिले.

जत्रेला तिने मला आग्रहाने बोलावलं. नवं लुगडं नेसून ती बायकांच्या मधोमध बसली, पुढे केळीच्या पानावर आबोलीचा ढीग. पहिलं फूल दोऱ्यातून निसटलं. दुसरं निसटलं. ती पुन्हा पुन्हा गाठ मारत होती आणि फुलं पदरात पडत होती. बाहेर पालखीचा ढोल सुरू झाला. "हाड हांगा, वयनी," इकडे आण म्हणून जाऊ हळूच म्हणाली, आणि दोरा तिने आपल्या हातात घेतला.

काकीने माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता विचारणार. पण ती माझीच समजूत घालायला लागली! "तुवें हात परत दिल्लो गो बाय. देवीक तो नाका."

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं – काकी, त्या गाठी माझ्या होत्या. बायका बघत होत्या. हे बाहेर फुटलं तर? खोलीचं काय, माझ्या नावाचं काय? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. किती सोपं गेलं ते!

ती पुन्हा उपचाराला आली नाही. देवीला जे नको, ते आपण कशाला करायचं, म्हणाली. उघडलेली बोटं पुन्हा मिटली. इकडे तिचा फोटो दाखवून मी ठिकठिकाणी भाषणं केली. आमचं काम लोकांना कळायला लागलं, खोलीच्या दोन खोल्या झाल्या. ती गोष्ट सांगताना दर वेळी माझा आवाज भरून यायचा, आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं, किती मायेची बाई आहे.

काकी वारल्यावर काही महिन्यांनी मी तिच्या घरी गेले. सुनेने सांगितलं, त्या जत्रेनंतर सासूबाईंनी देवीला फूल वाहिलंच नाही – डाव्या हातानेसुद्धा. आपल्या हातून काय पाप घडलं, एवढंच विचारत राहिल्या. मी ऐकून घेतलं, आणि तिने पुढे केलेला चहा प्यायले.