एका डब्याला जवारी किती

आम्ही तिघी जमलो की बोलणं कुठूनही सुरू होवो, शेवटी माल्टवरच येतं. मी किस्सा सांगायला लागले की रेखा मधेच दुरुस्त करते, आणि कमलमावशी म्हणते, "मूळ भांडण येगळंच व्हतं." म्हणून एकाचे दोन होतात. शिवाय "बायांनो, हे करू नका" असं सांगायला कुणी दारात आलं की आणखी एकाची भर. असं सांगणारे आमच्या पुसेगावात भरपूर आहेत.

मी गिरणीवाली. रेखा शेजारची सून, बी.एस्सी. झालेली. कमलमावशी शेळ्या-मेंढ्यांवाली, साठीच्या पुढची. तिघींचा मिळून एक बचत गट आणि एक मोठं पातेलं.

* * *

हिंगोलीला बचत गटांचं ट्रेनिंग होतं. तिथल्या साहेबांनी माल्टच्या सरबताची कृती दिली. त्यात मुख्य सामान एकच, माल्ट एक्स्ट्रॅक्ट. डब्यात मिळणारा, काकवीसारखा घट्ट अर्क.

मावशीनं बोटानं चाटून पाहिला. "हे कशापासून बनतंय, साहेब?"

"धान्याला मोड आणायचे, त्याची गोडी पाण्यात उतरवायची, मग ते पाणी आटवायचं."

"मंग घरी जवारी असताना आमी डबा काहून घ्यावा?"

साहेब हसले. "डब्याच्या जागी धान्य किती घ्यायचं याचा हिशेब असतो, मावशी. तो तुम्हाला नाही जमायचा."

मावशी उठली. "चल गं रेखा. जमवून येऊ."

जेवणाच्या आधीच निघालो आम्ही. त्या दिवशी शिरा होता, हे रेखा अजून ऐकवते. पण निघताना नमुन्याचा डबा तिनं बरोबर उचलला होता.

* * *

ज्वारीला मोड आणले, वाळवले, कोंब चोळून काढले. कोवळे कोंब विषारी असतात हे रेखा सांगायला लागली, तर मावशी म्हणाली, "कोवळी जवारी खाऊन माझ्या दोन शेळ्या गेल्या. मला नको सांगू." मी गिरणीत भरडून दिलं. कृतीत अर्क जेवढा लिहिला होता, तेवढंच पीठ घेतलं आणि खळखळ उकळलं.

चमचा उभा राहिला. गोडी नावालाही नाही. आमचे हे म्हणाले, "हे प्यायचं का भिंतीला लावायचं?"

रेखानं दोन दिवस जुनी पुस्तकं चाळली. म्हणाली, डब्यात नुसती गोडी असते, आपल्या पिठात चोथाही आहे, म्हणून धान्य जास्त लागणार. आणि उकळलं की मोडाची ताकद मरते. साधं पीठ आधी शिजवायचं, बोट जेमतेम बुडवता येईल इतकं निवलं की मोडाचं पीठ वरून घालायचं.

तसं केलं. मावशी शेळ्यांना पाला टाकून आली, तर घट्ट शिजलेलं पीठ ताकासारखं पातळ झालेलं. "पाणी कोण ओतलं?" कुणीच ओतलं नव्हतं. तिचा माझ्यावर संशय. दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या घागरीवर हात ठेवून बसली. तरी पातळ झालं. तेव्हा कुठं माझ्यावरचा संशय गेला.

* * *

पण डब्याच्या जागी धान्य किती, हा प्रश्न राहिलाच होता. चवीवरून ठरवायचं तर तिघींच्या जिभा तीन.

रेखा दूध डेअरीत गेली आणि दुधाची घनता बघायची काचेची नळी मागून आणली. डब्यातला अर्क पाण्यात विरघळवून नळी सोडली, ती कुठल्या रेघेपर्यंत बुडते ते पाहिलं. मग आमचं गाळलेलं गोड पाणी थंड करून त्यात सोडली. रेघ जुळेपर्यंत धान्य वाढवून पुन्हा पुन्हा करत राहिलो. शेवटी निघालं की डब्यातल्या एका किलोला आमची दोन किलो जवारी.

नळी परत करायला गेलो तर डेअरीवाल्यानं विचारलं, "दूध कुठं हाय?"

"दूध न्हाई, पाण्यात सोडली व्हती," मावशी म्हणाली.

तो म्हणाला, "पाणी हाय म्हणून कबूल करणाऱ्या तुमीच पहिल्या."

* * *

भिजल्या धान्याचा वास गल्लीत जायचा. कुणीतरी तक्रार केली की गिरणीमागं बाया दारू गाळून राहिल्या. गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदान झालं, तेव्हा दारोदार फिरलेल्या बायांत आम्ही तिघी होतो. त्याचा राग कुणाकुणाला होताच.

पोलीस ठाण्यातून जमादार आले. मावशीनं त्यांच्यापुढं बाज सरकवली आणि माल्टच्या सरबताचा गार ग्लास हातात दिला. "आधी प्या, मंग गुन्हा लिव्हा."

त्यांनी वास घेतला, थोडं प्यायले, मग सगळं प्यायले. "यात काही नाही."

"हेच त्या तक्रारवाल्याला सांगा. त्याच्या दारात, मोठ्यानं."

जमादार खरंच गेले. जाताना ग्लासही घेऊन गेले, तो काही परत आला नाही.

* * *

मला लागलं ते वेगळंच. रविवारी विहारात वंदनेला गेले. मी नेहमी पुढं बसते. मागून एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दारू गाळणारीनं तरी मागं बसावं."

कान तापले माझे. घरी निघून जावं वाटलं. आमच्या आईनं दारूपायी घर मोडताना पाहिलं होतं, मी त्या घरातली लेक. पण उठले असते तर ते खरं ठरलं असतं. बसून राहिले. पंचशील सुरू झालं. पाचवं शील आलं, मद्यापासून दूर राहण्याचं, तेव्हा मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की बाकीचे थांबले. ते मी एकटीनंच पुरं केलं.

वंदना झाल्यावर तीच बाई चपला घालता घालता म्हणाली, "माझ्या नातीला चालंल का गं ते?"

"चालेल," म्हटलं. "पण न्यायला तू स्वतः ये."

* * *

कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्यावाल्यानं माल मागितला. रोज एक कॅन, बर्फात ठेवून विकायचा. आठवडाभर बरं चाललं. मग एके दिवशी आम्ही ऑटोतून कॅन घेऊन गेलो, तर रस्त्याच्या कडेला नवा पत्र्याचा बोर्ड. रेखानं तो वाचला.

"काय लिव्हलंय?" मावशीनं विचारलं.

"पुसेगावच्या बायांची घरगुती बीअर."

ढाब्यावाला म्हणाला, "नाव बीअर ठेवलं की गाड्या थांबतात. आत काय हाय ते कोण बघतंय?"

मावशीनं खुर्ची ओढली, वर चढली, बोर्डाच्या तारा सोडवल्या. कॅनही परत ऑटोत ठेवला.

"मावशी, बोर्ड माझा हाय," तो ओरडला.

"नाव आमचं हाय."

पुसेगाव येईपर्यंत ती त्या बोर्डावर बसून होती. घरी आल्यावर तिनं तो शेळ्यांच्या गोठ्याला दार म्हणून ठोकला, अक्षरं बाहेरच्या बाजूला.

परवा लस टोचायला जनावरांचे नवे डॉक्टर आले. दारासमोर मोटारसायकल उभी करून त्यांनी बोर्ड दोनदा वाचला. मावशी आत धार काढत होती.

"मावशी, इथं बीअर मिळते?"

मावशीनं मान वर केली नाही. "शेळ्यांना इचारा. दार त्यांचं हाय."