खिळ्यांचा पट्टा

आम्ही मेंढरं राखायचो तेव्हा खिळ्यांचा पट्टा कुत्र्याच्या गळ्यात असायचा, बिबट्याला नरडं धरता येऊ नये म्हणून. मेंढरं गेली, घोडनदीकाठी ऊस आला, उसात बिबटे आले, आणि पट्टा माझ्या गळ्यात आला. घामानं मान नुसती सोलवटून निघते.

परवा भरदुपारी खुरपताना मान वर केली, तर बांधावर बिबट्या बसलेला. ओरडावं एवढं त्राणही अंगात नव्हतं. "बस बाबा, माझ्या अजून दोन सऱ्या राहिल्यात," मी म्हणाले. त्यानं माझ्या गळ्याकडं पाहिलं, जांभई दिली आणि उसात शिरला.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं आणि पट्टा काढून खुंटीला अडकवला.

"काढला कशाला?" त्या म्हणाल्या. "बाहेर भांडी पडलीत की अजून."